पाटणच्या शिळेवरची दोन घराणी

श्रावणातली पौर्णिमा आणि चंद्रग्रहणाचा पर्वकाळ. सातमाळा डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या पाटण नावाच्या गजबजलेल्या शहरात निकुंभ घराण्याचा सामंत सोइदेव सगळ्या लोकांसमक्ष हातावर उदक सोडतो आणि आपल्या गुरूने उभारलेल्या मठाला दान देतो. गुरूचे नाव चांगदेव. तो भास्कराचार्यांचा नातू आणि देवगिरीच्या सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी. मठ कशासाठी, तर आजोबांचा ‘सिद्धांतशिरोमणी’ आणि घराण्यातल्या इतरांचे ग्रंथ तिथे शिकवले जावेत म्हणून. हे सारे दगडावर कोरून ठेवले गेले. अभ्यासकांनी गणित करून त्या दिवसाची तारीख काढली आहे, ९ ऑगस्ट १२०७.

गणित करावे लागले, कारण शिळेवर शक ११२८ असे लिहिले आहे आणि संवत्सराचे नाव दिले आहे प्रभव. आपल्याकडच्या नेहमीच्या गणनेत प्रभव संवत्सर येते शक ११२९ मध्ये. एका वर्षाचा फरक पडतो. जुन्या लेखांत असे अनेकदा होते. म्हणूनच तिथी, संवत्सर आणि ग्रहण अशा दोन-तीन खुणा एकत्र सापडल्या की अभ्यासकाला हायसे वाटते. एक आकडा चुकला तरी बाकीच्या खुणा त्याला जागेवर आणतात.

हे पाटण आज जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावच्या नैर्ऋत्येला आहे. शहर उरलेले नाही. पाटणादेवीचे देऊळ आहे, जुने महादेवाचे मंदिर आहे, भोवती गौताळा अभयारण्याचे रान आहे आणि वरच्या अंगाला पितळखोऱ्याची लेणी. पावसाळ्यात धबधबे पाहायला आणि नवरात्रात देवीला जाणाऱ्यांची इथे गर्दी असते. याच रानात एकेकाळी तेलाचे घाणे फिरत होते, धान्य मापले जात होते आणि मुले ग्रहगणित शिकत होती, हे आपल्याला कळते ते दोन-तीन शिळांमुळे. चांगदेवाच्या मठाची शिळा १८६५ साली मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी विद्वानांपुढे आणली. व्यवसायाने ते डॉक्टर. रोगी तपासता तपासता नाणी, लेणी आणि शिलालेख यांत त्यांनी आयुष्य घातले. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवलेल्या कीलहॉर्नने या लेखाचे पाठवाचन नीट करून ‘एपिग्राफिया इंडिका’च्या पहिल्या खंडात छापले.

एकाच दगडावर दोन वंशावळी आहेत, हे या लेखाचे वैशिष्ट्य. एक दान घेणाऱ्या पंडितांची, दुसरी दान देणाऱ्या सामंतांची. दोन्ही संस्कृत श्लोकांत आहेत. त्यानंतर भाषा बदलते. दानाचा प्रत्यक्ष तपशील सुरू झाला की दगडावर मराठी उमटते.

हा मराठी भाग मला सगळ्या लेखात मोलाचा वाटतो. वंश, पराक्रम, विद्या यांची स्तुती संस्कृतात करता येते. पण घाणेवाल्याला पळीभर तेल मठात द्यायला सांगायचे असेल तर त्याच्याच भाषेत सांगावे लागते. पाटणच्या पेठेत जो माल उघडेल त्यावरचा राउळाचा, म्हणजे राजाचा, गिऱ्हाइकाकडून येणारा वाटा मठाला दिला आहे. ब्राह्मणांनी आपला हक्क असलेले ब्रह्मोत्तर दिले आहे. नगराने गिऱ्हाइकामागे दामाचा विसोवा दिला आहे. गिऱ्हाइकाकडून पाच पोफळे आहेत. पहिल्या घाण्याच्या आदाणाची लोटी मठाची, आणि जितके घाणे चालतील त्या प्रत्येकामागे एकेक पळी तेल मठाचे. या गावात जे काही मापायचे ते मठाच्या मापाने मापायचे, आणि मापण्याच्या हक्कातला अर्धा भाग मठाला, अर्धा मापाऱ्याला.

वाचताना लक्षात येते की हे दान एकट्या सोइदेवाचे नाही. राजाने आपला वाटा दिला, ब्राह्मणांनी आपला दिला, नगराने आपला. सामंत, ब्राह्मण आणि पेठ असे तीन दाते एका मठाच्या मागे उभे आहेत. निकुंभांचे राज्य प्रत्यक्षात कसे चालत असेल याची इतकी स्पष्ट कल्पना त्यांच्या कुठल्याही स्तुतिश्लोकातून येत नाही. मठाचे माप पेठेत चालणार, याचा अर्थ वजनामापाच्या खरेपणाची जबाबदारीही मठाकडे आली. दिव्याला तेल, मुखशुद्धीला पोफळ आणि रोजच्या धान्याची बेगमी, अशी विद्यार्थ्यांची आणि आचार्यांची सोय या चार ओळींनी लावून दिली आहे.

अशा दानाला धर्मशास्त्रात नाव होते. जमीन दिली तर ते भूमिदान. पण ठरावीक मालामागे ठरावीक उत्पन्न कायमचे लावून दिले तर त्याला निबंध म्हणत. कल्याणीच्या विक्रमादित्य चालुक्याच्या काळात विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्य स्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. निबंध म्हणजे काय हे समजावताना तो पेठेतलेच दाखले देतो: मालाच्या एका ओझ्यामागे इतके रूपक, विड्याच्या पानांच्या एका ओझ्यामागे इतकी पाने. पाटणची पोफळे आणि तेलाची पळी याच पठडीतली आहेत.

याज्ञवल्क्याचा हाच भाग आपल्या विषयाच्या मुळाशी आहे. राजाने भूमी किंवा निबंध दिला तर लेख करून ठेवावा, पुढे येणाऱ्या राजांना तो कळावा. त्या लेखात आपल्या पूर्वजांची नावे घालावीत, मग आपले, मग दान कशाचे, सीमा कोणत्या, काळ कोणता, हे सारे नोंदवून मुद्रा उमटवावी, असा तिथला नियम आहे. म्हणजे दानपत्राच्या सुरुवातीला येणारी वंशावळ ही राजाची हौस म्हणून आलेली नाही. ती दस्तऐवजाचा भाग आहे. देणारा कोण, त्याला देण्याचा अधिकार कुठून आला आणि हे दान मोडणारा उद्या कोणाच्या शब्दाला मोडणार आहे, हे त्या नावांवरून ठरते. कवी त्या नावांना अलंकार घालतो, पण नावांची साखळी मुळात दान पक्के करण्यासाठी आहे. मध्ययुगीन सरदारांच्या वंशावळी आपल्याला सापडतात त्या यामुळे. त्यांचे राजवाडे राहिले नाहीत, दफ्तरे राहिली नाहीत. देवाला, मठाला आणि ब्राह्मणाला दिलेले तेवढे मागे उरले, आणि त्याच्या आधाराने देणाऱ्यांची नावेही.

यादवांचाच इतिहास पाहा. देवगिरीला राजधानी नेण्यापूर्वीच्या दोन शतकांतले यादव आपल्याला कळतात ते संगमनेरच्या शक ९२२ च्या, कळस बुद्रुकच्या शक ९४८ च्या आणि वसईच्या शक ९९१ च्या ताम्रपटांवरून. यादवांचा मंत्री हेमाद्री याने ‘व्रतखंडा’च्या आरंभी यादवांची लांब वंशावळ दिली आहे. रा. गो. भांडारकरांनी ही वंशावळ आणि ताम्रपट शेजारी ठेवून एकेक नाव तपासले, आणि १८८४ साली प्रसिद्ध झालेल्या दख्खनच्या प्राचीन इतिहासात यादवांचा क्रम लावून दिला. कवीने दिलेली यादी आणि प्रत्यक्ष दान देताना कोरलेली यादी जिथे जुळते तिथे जमीन पक्की लागते. जिथे जुळत नाही तिथे ताम्रपटाला जास्त मान द्यावा, असे मला वाटते. कारण त्याच्या काळात त्याला आव्हान देणारी माणसे जिवंत होती.

निकुंभांसाठी हेमाद्री नाही. त्यांच्यासाठी पाटणची दुसरी शिळा आहे, महादेवाच्या मंदिराची, शक १०७५ ची, म्हणजे इ. स. ११५३-५४ ची. त्या शिळेवर घराण्याची लांब साखळी आहे: कृष्णराज, गोवन, गोविंदराज, पुन्हा गोवन, पुन्हा कृष्णराज, इंद्रराज आणि पुन्हा गोवन. १२०७ च्या शिळेवर कृष्णराज, इंद्रराज, गोवन, सोइदेव आणि त्याचा भाऊ हेमाडिदेव. दोन्ही याद्या एकमेकींशेजारी ठेवल्या की कृष्णराज-इंद्रराज-गोवन हा तुकडा दोन्हींत सापडतो. पन्नासहून अधिक वर्षांच्या अंतराने, वेगळ्या कवीने, वेगळ्या निमित्ताने कोरलेली तीच तीन नावे त्याच क्रमाने येतात. इथे सांधा बसतो. मग जुन्या शिळेवरचे पूर्वज आणि १२०७ च्या शिळेवरचे वंशज एका रांगेत उभे राहतात आणि आठ पिढ्यांचे घराणे तयार होते.

पिढीला साधारण पंचवीस वर्षे धरली तर ११५३ पासून सहा पिढ्या मागे जाऊन पहिला कृष्णराज इ. स. १००० च्या आसपास येतो. खानदेशात निकुंभ दोनशे वर्षे होते असे जे सांगितले जाते त्याला आधार आहे तो एवढ्या हिशोबाचा. सोळाशे गावांचा मुलूख त्यांच्याकडे होता असा त्यांचा स्वतःचा दावा आहे. तिसरा गोवन ११५३ मध्ये गादीवर आणि त्याचा मुलगा सोइदेव १२०७ मध्ये दान देतो. बाप-लेकाच्या दोन नोंदींत चोपन्न वर्षे पडतात. हे अंतर मोठे आहे, आणि अशा वेळी मधले एखादे नाव गळले तर नाही ना, ही शंका घ्यायलाच हवी.

११५३ च्या शिळेतच तिचे उत्तर आहे. महादेवाचे हे मंदिर इंद्रराजाने बांधायला घेतले होते. ते पुरे होण्याआधी तो गेला. मुलगा गोवन लहान होता. राज्य सांभाळले ते इंद्रराजाच्या राणीने, सगर वंशातल्या श्रीदेवीने. अल्पवयीन गोवनाच्या नावाने कारभार तिने पाहिला, आणि मंदिर पुरे झाले ते याच पिढीत. गोवन ११५३ च्या सुमारास कोवळ्या वयाचा असेल तर चोपन्न वर्षांनी त्याचा मुलगा भर वयात दान देताना दिसणे अगदी शक्य आहे. पिढ्यांचे कोडे विधवा राणीच्या एका उल्लेखाने सुटते.

श्रीदेवीपाशी थोडे थांबायला हवे. सरदार घराण्यांच्या वंशावळींत बायका क्वचित येतात. मुलगा कोणाच्या पोटी झाला हे सांगण्यासाठी येतात, किंवा माहेर मोठे असेल तर सोयरीक मिरवण्यासाठी येतात. श्रीदेवीचे माहेर सगर कुळातले हे शिळेने सांगितले आहेच. पण तिचे नाव दगडावर गेले ते तिने हातात घेतलेल्या कामामुळे. नवरा गेलेला, मुलगा अजाण, देऊळ अर्धवट आणि सोळाशे गावांचा कारभार. तिने काय काय निभावले असेल याचा तपशील शिळा देत नाही. तिचे नाव गाळून मुलाचे एकट्याचे लिहिता आले असते. ते गाळले नाही, यावरून पाटणच्या लोकांना आणि त्या मुलालाही तिची जागा माहीत होती असे मी समजतो.

याच्या शेजारी भास्कराचार्यांच्या घराण्याची वंशावळ ठेवा. तिच्यात पुरुषांशिवाय कोणी नाही. भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर आहे, नातू चांगदेव आहे. लीलावती नावाच्या मुलीची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे: लग्नाचा मुहूर्त दाखवणारे घटिकापात्र, त्यात पडलेला मोती, चुकलेली वेळ आणि मुलीच्या समाधानासाठी बापाने तिच्या नावाने लिहिलेला गणिताचा ग्रंथ. ही गोष्ट अकबराच्या दरबारी फैजीने १५८७ मध्ये केलेल्या ‘लीलावती’च्या फारसी भाषांतरात येते, म्हणजे चारशेहून अधिक वर्षांनी. शिळेत लीलावती नाही, म्हणून ती नव्हतीच असे म्हणता येत नाही. कारण ज्या मुलीने दान दिले नाही वा घेतले नाही तिचे नाव अशा लेखात येण्याचे कारणच नव्हते. पण ती होती, असेही दगडाच्या आधाराने म्हणता येत नाही. वंशावळ वाचताना हे भान सोडू नये. दानपत्रात जे नाहीत ते घरात नव्हते असे नाही.

आता वंशावळीच्या दुसऱ्या टोकाकडे, जिथे मोह होतो तिथे जाऊ. निकुंभ स्वतःला सूर्यवंशी म्हणवतात. सामंत थोडा स्थिरावला की त्याचा कवी त्याला सूर्याशी किंवा चंद्राशी नेऊन जोडतो. त्याबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. खरा मोह वेगळा आहे. पाटणपासून दूर नसलेल्या, कन्नड तालुक्यातल्या नागदला एक ताम्रपट सापडला आहे, शक ५७७ चा, म्हणजे इ. स. ६५५ चा. तो सेंद्रक घराण्यातल्या निकुंभाल्लशक्तीचा आहे. नावात निकुंभ, मुलूख जवळपास तोच. साडेतीनशे वर्षांनी त्याच भागात निकुंभ वंश राज्य करताना दिसतो. दोघांना जोडून टाकावेसे कोणालाही वाटेल. पण मधल्या साडेतीन शतकांत एकही दानपत्र त्यांना जोडणारे नाही, आणि पाटणचे निकुंभ आपल्या शिळांवर सेंद्रकांचे नाव घेत नाहीत. सातव्या शतकातला राजा पूर्वज म्हणून ठाऊक असता तर ते त्याला विसरले नसते. मी हा दुवा मानायला तयार नाही. नावाचे साम्य ही फार तर चौकशीची सुरुवात.

चाळीसगावजवळच्याच वाघळी गावची शिळा या बाबतीत फार शिकवते. तीही शक ९९१ ची, इ. स. १०६९ ची, म्हणजे वसईच्या ताम्रपटाच्याच वर्षातली. यादव सेउणचंद्राचा मांडलिक गोविंदराज याने शिवमंदिर आणि अन्नसत्र यांच्या निमित्ताने ती कोरवली. हा गोविंदराज स्वतःला मौर्य म्हणवतो. आपले मूळ तो सौराष्ट्रातल्या वलभीशी नेतो आणि कीकट नावाच्या पूर्वजापासून एक लांबलचक यादी देतो. नाव मौर्य म्हणून लगेच पाटलिपुत्राकडे धाव घ्यायला नको. गोविंदराज स्वतःही तिकडे जात नाही, तो वलभीवर थांबतो. अशा यादीतली शेवटची चार-पाच नावे, म्हणजे देणाऱ्याचा बाप, आजा, पणजा, ही गावातल्या म्हाताऱ्यांच्या आठवणीत बसणारी असतात. त्यांवर विश्वास ठेवायला हरकत नाही. त्याआधीची नावे घरातल्या भाटाच्या तोंडी असलेली. त्यांत खरे किती आणि भर किती हे दुसरा लेख सापडल्याशिवाय ठरत नाही. त्याहीआधी सूर्य, चंद्र किंवा एखादा पुराणपुरुष असतो. वंशावळीचे हे तीन थर वेगळे वाचले तर फसगत कमी होते.

पंडितांच्या घराण्याची साखळीही हीच शिस्त लावून तपासता येते, आणि तिथे हाती येणारे फळ मोठे आहे. पाटणच्या शिळेप्रमाणे क्रम असा: शांडिल्य गोत्रातला कविचक्रवर्ती त्रिविक्रम, त्याचा मुलगा भास्करभट्ट, त्याला भोजराजाने विद्यापती ही पदवी दिली, मग गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, महेश्वराचे पुत्र भास्कराचार्य, मग लक्ष्मीधर आणि चांगदेव.

भास्कराचार्यांचा जन्म शक १०३६ चा, इ. स. १११४ चा, हे त्यांनी स्वतः सांगून ठेवले आहे. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ रचला. शांडिल्य गोत्र आणि पिता महेश्वर हेही त्यांच्याच लेखणीतून आलेले आहे, आणि शिळा त्याला दुजोरा देते. आता मागे मोजू. महेश्वर, मनोरथ, प्रभाकर, गोविंद, भास्करभट्ट, अशा पाच पिढ्या. पंचवीसने गुणले तर सव्वाशे वर्षे. भास्करभट्टाचा जन्म इ. स. ९९० च्या आगेमागे येतो. धारच्या भोजाचा काळ साधारण १०१० ते १०५५. भोजाच्या दरबारात पदवी मिळायला भास्करभट्ट अगदी योग्य वयाचा ठरतो. दोनशे वर्षांनंतर कोरलेली घरची आठवण हिशोबाला उतरते, हे पाहून त्या घराण्याबद्दल आदर वाटतो. नावे त्यांनी नीट जपली होती.

त्याच्या वरची पायरी मात्र डळमळते. त्रिविक्रम नावाचा एक मोठा कवी आपल्याला माहीत आहे, ‘नलचंपू’चा कर्ता, नेमादित्याचा मुलगा, शांडिल्य गोत्राचाच. राष्ट्रकूट तिसऱ्या इंद्राच्या इ. स. ९१५ च्या ताम्रपटांची रचना त्याची आहे. नाव तेच, गोत्र तेच, कवित्वही तेच. काही अभ्यासकांनी हाच भास्कराचार्यांचा पूर्वज असे मांडले आहे. पण बाप ९१५ मध्ये राजाच्या दानपत्राची रचना करतो आणि मुलाला १०१० नंतर भोजाकडून पदवी मिळते, हे एका पिढीत बसणे फार अवघड आहे. मध्ये पिढ्या गळल्या असतील, किंवा घरातल्या त्रिविक्रमाला त्या प्रसिद्ध त्रिविक्रमाची कीर्ती पुढे चिकटली असेल, किंवा दोन वेगळे त्रिविक्रम असतील. ज्या मोजणीने भोजाची गोष्ट पक्की केली तिनेच ही गोष्ट सैल केली. एक निकाल आवडला म्हणून दुसरा टाळता येत नाही.

खाली येताना शिळा आणखी एक बारीक धागा देते. जैत्रपाल यादवाने लक्ष्मीधराला सर्व शास्त्रांत निपुण जाणून या नगरातून नेले आणि पंडितांमध्ये अग्रणी केले, असे तिथे म्हटले आहे. ‘या नगरातून’ म्हणजे पाटणमधून. भास्कराचार्यांनी आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाला असलेले विज्जडविड असे सांगितले. ते नेमके कोणते यावर शंभर वर्षांहून अधिक काळ वाद आहे. कोणी ते कर्नाटकात नेतात, कोणी खानदेशात. शिळा भास्कराचार्य इथे राहत होते असे म्हणत नाही. पण त्यांचा मुलगा देवगिरीला गेला तो पाटणहून, हे सांगते. आणि नातवाला मठ काढावासा वाटला तोही इथेच. खानदेशाच्या बाजूने याहून भक्कम पुरावा माझ्या मते नाही.

या नात्याला दुसरी साक्ष बहाळची आहे. बहाळ चाळीसगाव तालुक्यातच, गिरणेच्या काठी. तिथे शक ११४४ चा, इ. स. १२२२ चा लेख आहे. सिंघणाचा मुख्य ज्योतिषी अनंतदेव याने तिथे भवानीचे मंदिर बांधले. लेखातली साखळी अशी: मनोरथ, महेश्वर, श्रीपती, गणपती, अनंतदेव. पहिली दोन नावे पाटणच्या शिळेवरचीच, क्रम तोच, गोत्र तेच, राजाही तोच. तेव्हा श्रीपती हा भास्कराचार्यांचा भाऊ, आणि अनंतदेव हा त्या भावाचा नातू, चांगदेवाचा चुलत-चुलतभाऊ. बहाळची शिळा सापडली नसती तर भास्कराचार्यांना भाऊ होता हे आपल्याला कळण्याचा मार्ग नव्हता. अनंतदेवही नुसता पदवीचा ज्योतिषी नव्हता. ब्रह्मगुप्ताच्या सिद्धांतातल्या एका अध्यायावर आणि वराहमिहिराच्या ‘बृहज्जातका’वर त्याने टीका लिहिल्याची नोंद तोच लेख करतो.

दोन्ही शिळा मिळून एक बदलही दिसतो. १२०७ मध्ये चांगदेवाने मठ काढला, पण त्याला पोसण्यासाठी निकुंभ सामंताचे उदक लागले, ब्राह्मणांचे ब्रह्मोत्तर लागले, पेठेचे तेल लागले. म्हणून त्या दगडावर दोन वंश आले, घेणाऱ्याचा आणि देणाऱ्याचा. १२२२ मध्ये पंडितांचे घराणे स्वतः देऊळ उभारण्याइतके मोठे झाले आहे. राजा म्हणून सिंघण आहे. देणारा म्हणून शांडिल्य गोत्राचा अनंतदेव आणि त्याचे पूर्वज. प्रशस्ती रचणाराही घरचाच, अनंतदेवाचा धाकटा भाऊ. त्याचे नाव महेश्वर, पणजोबांचेच. निकुंभांपुरते बोलायचे तर पाटणच्या शिळांवरचा त्यांचा शेवटचा पुरुष हेमाडिदेव.